उसने रक्त



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांपैकी दोन पत्रे मी आज एकत्र घेत आहे. एक पेडणे तालुक्यातून आले आहे, दुसरे डिचोली तालुक्यातून. लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही. परंतु दोघांच्या प्रश्नाचे मूळ एकच आहे, आणि ज्यांच्या घरी कधी कोणाला रक्त द्यावे लागले असेल त्या प्रत्येक कुटुंबात तो प्रश्न उच्चारला गेला असेल, निदान मनात तरी आला असेल.

पेडण्याची भगिनी लिहिते की, तिची पहिली प्रसूती बांबोळीच्या रुग्णालयात झाली. बाळ सुखरूप जन्मले, परंतु पाठोपाठ तिला मोठा रक्तस्राव झाला आणि तिचे प्राण वाचविण्यासाठी रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. देवाच्या कृपेने ती बरी होऊन घरी आली. तिची सासूमाय अत्यंत प्रेमळ व देवभीरू बाई आहे. सुनेसाठी तिने रुग्णालयाच्या दारात बसून तेर्स म्हटले होते. तथापि घरी आल्यावर तिच्या मनात एक शंका शिरली. हे रक्त कोणाचे? तो मनुष्य दारुडा असेल, रागीट असेल, कोणत्या कुळातला असेल, कोण जाणे! त्याचे रक्त सुनेच्या अंगात, तिच्या अंगातून दुधात, आणि दुधातून आपल्या नातवात. म्हणून ‘हे उसने रक्त अंगातून जाईपर्यंत’ बाळाला अंगावर पाजू नये असे तिने सांगितले, आणि बाळ डब्याच्या दुधावर आहे. भगिनी पुढे लिहिते : “बाळ वीस दिवसांचे झाले. रात्री सर्व निजल्यावर मी दूध पिळून मोरीत ओतते. उसने रक्त जायला किती दिवस लागतात, एवढेच कळवावे.”

या भगिनीला मी त्याच दिवशी टपालाने उत्तर पाठविले, कारण असे पत्र छपाईची वाट पाहत ठेवण्याजोगे नसते. ते उत्तर थोडक्यात असे : आजच बाळाला अंगावर घ्या. रक्त घेतलेल्या मातेने बाळाला पाजण्यास, केवळ रक्त घेतले या कारणाने, मुळीच हरकत नाही. आपण दूध पिळत राहिलात हे फार चांगले केले. त्यामुळे ते आटले नाही. बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजीत राहा, दूध वाढेल. अडचण वाटल्यास जवळच्या आरोग्यकेंद्रातील परिचारिकेचे साहाय्य घ्या.

आता कारणे सांगतो. ती आपल्या सासूमायलाही वाचून दाखवावी, आणि आदराने वाचून दाखवावी. कारण त्यांची शंका आजची नाही आणि केवळ खेड्यातलीही नाही.

राजधानीतील वैद्यांची हीच समजूत

सन १६६७ मध्ये पॅरिस शहरात झाँ-बाप्तिस्त देनी नावाच्या एका वैद्याने एका वेड लागलेल्या मनुष्याच्या शरीरात वासराचे रक्त घातले. वासरू स्वभावाने शांत, म्हणून त्याच्या रक्ताने वेड्याचा उन्माद शमेल, अशी त्याची कल्पना होती. त्या मनुष्याला ताप आला, कंबर दुखू लागली आणि त्याची लघवी काळसर झाली. आज आपल्याला ठाऊक आहे की, परके रक्त शरीरात फुटू लागल्याची ती लक्षणे होती. पुढे तो मनुष्य मरण पावला, खटला झाला, आणि काही वर्षांतच फ्रान्समध्ये या प्रयोगांना बंदी आली. रक्ताबरोबर स्वभाव येतो हे मत तेव्हा विद्वानांचेही होते.

पुढे सुमारे दीडशे वर्षे तो मार्ग बंदच राहिला. तो पुन्हा उघडला तो लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतिवैद्याने, सन १८१८ पासून. बाळंतिणी रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मरताना पाहून त्याला चैन पडेना. मनुष्याला केवळ मनुष्याचेच रक्त द्यावे, हा नियम त्याने घालून दिला. म्हणजे आमच्या पेडण्याच्या भगिनीला जे जीवनदान मिळाले, त्या उपायाची आठवण जगाला प्रथम बाळंतिणींच्याच दुःखाने झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही काही रोगी जगत आणि काही तत्काळ दगावत. याचे कारण कोणालाच कळत नव्हते. ते सन १९०१ च्या सुमारास व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी शोधून काढले. माणसांच्या रक्ताचे ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ असे गट आहेत, आणि न जुळणारे रक्त शरीर शत्रू समजून फोडून टाकते, हे त्यांनी दाखविले. या कार्यासाठी त्यांना सन १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस १४ जून हा आज जगभर रक्तदात्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

पिशवीत असते तरी काय?

दाता जेव्हा रक्त देतो तेव्हा त्याच्या शरीरातून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ते गोठू नये म्हणून पिशवीत सायट्रेट नावाचे द्रव्य असते, आणि पेशींना जगण्यासाठी साखरही असते. पुष्कळदा ते रक्त यंत्रात फिरवून त्याचे भाग वेगळे करतात : तांबड्या पेशी, पिवळसर रक्तद्रव आणि रक्त थांबविणाऱ्या प्लेटलेट. एका दात्याचे रक्त अशा रीतीने दोघा-तिघा रोग्यांच्या उपयोगी पडते. तांबड्या पेशी थंड कपाटात, गोठू न देता, पिशवीतील द्रव्याच्या प्रकारानुसार ३५ ते ४२ दिवस ठेवता येतात. प्लेटलेट मात्र खोलीच्या उष्णतेत, सतत हलत्या ठेवून, केवळ पाच दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवतात.

आपल्या भगिनीला ज्या पिशव्या दिल्या त्यांत मुख्यतः तांबड्या पेशी असणार. एका पिशवीत त्यांची संख्या सुमारे दोन लाख कोटी असते. आता ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या तांबड्या पेशींना केंद्रक नसतो. आईबापांपासून आलेला वंशाचा जो लेख, रंग, रूप, ठेवण ज्यात लिहिलेली असते, तो पेशीच्या केंद्रकात असतो. तांबडी पेशी पक्व होताना तो केंद्रक टाकून देते आणि आपली सारी जागा प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला देते. सासूमायना ज्याचे भय वाटते ते या पेशींत लिहिलेलेच नाही. ही पेशी म्हणजे ओझे वाहणारा एक मुका हमाल आहे. तिला मुले होत नाहीत, आणि तिच्याजवळ कोणाचे कूळ लिहिलेले नसते.

पांढऱ्या पेशींना केंद्रक असतो, हे खरे. पिशवीत त्या थोड्याफार येतात. परंतु घेणाऱ्याच्या शरीरातील रक्षक पेशी त्यांना परके म्हणून ओळखतात आणि बहुधा थोड्याच दिवसांत नाहीशा करतात. भयंकर अपघातानंतर पुष्कळ रक्त द्यावे लागलेल्या काही रोग्यांत दात्याच्या पांढऱ्या पेशींचा सूक्ष्म अंश वर्षानुवर्षे आढळला आहे. तथापि त्याने कोणाचा स्वभाव, बुद्धी वा वंश बदलल्याचे कधी दिसून आलेले नाही. स्वभाव रक्तात नसतो. आणि दूध रक्तातून गाळून येत नाही. मातेच्या स्तनातील पेशी रक्तातील पोषक द्रव्ये घेऊन ते स्वतः तयार करतात. ते दूध सर्वस्वी मातेचेच असते.

किती दिवस?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या क्षणी रक्त शिरेत शिरते त्या क्षणापासून त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वाटांनी जातात.

सायट्रेट यकृतात, म्हणजे ज्याला आपण काळीज म्हणतो त्यात, लवकरच जळून नाहीसे होते. दिलेल्या प्लेटलेट तीन ते पाच दिवस काम करतात. रक्तद्रवातील रक्त गोठविणारी काही द्रव्ये काही तासांतच निम्मी होतात, तर काही प्रथिने निम्मी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात.

तांबड्या पेशींची कथा अधिक मनोरंजक आहे. थंड कपाटातून आलेल्या या पेशी आरंभी किंचित सुस्त असतात. प्राणवायू धरतात, पण सोडताना हात आखडता घेतात. शरीराच्या उबेत एक-दोन दिवसांत त्यांची ही सुस्ती जाते. ज्या पेशी साठवणीत फार थकलेल्या असतात त्या पहिल्या चोवीस तासांतच बाजूला काढल्या जातात. मुदत संपत आलेल्या पिशवीत हे प्रमाण चौथ्या भागापर्यंतही जाऊ शकते. उरलेल्या पेशी मात्र आपल्या घरच्यासारख्या कामाला लागतात. हृदयातून निघून साऱ्या शरीराचा फेरा करून परत येण्यास त्यांना सुमारे एक मिनिट लागते. अशा एका पिशवीने मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते.

त्या किती जगतात हे कळले कसे? सन १९१९ मध्ये अमेरिकेत विनिफ्रेड ॲश्बी नावाच्या एका विदुषीने एक सोपी, पण विलक्षण युक्ती काढली. तिने ‘ओ’ गटाचे रक्त मिळालेल्या दुसऱ्या गटाच्या रोग्यांच्या रक्ताचे थेंब वेळोवेळी घेतले. त्यात असे द्रव्य मिसळले की रोग्याच्या स्वतःच्या पेशींच्या गुठळ्या व्हाव्यात, परंतु ‘ओ’ गटाच्या पेशी मोकळ्या राहाव्यात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोकळ्या पेशी मोजल्या. त्या काळी पाहुण्या पेशी थोड्याच दिवसांत मरतात असे पुष्कळांना वाटे. ॲश्बीबाईंच्या मोजणीत त्या कितीतरी आठवडे जिवंत दिसल्या. पुढे सन १९५० पासून पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून हीच गोष्ट अधिक बारकाईने मोजता येऊ लागली.

आपल्या शरीरातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. दात्याच्या पिशवीत सर्व वयांच्या पेशी मिसळलेल्या असतात. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत जसे काखेतले मूल असते, शाळकरी पोर असते आणि काठी टेकणारे आजोबाही असतात, तशीच ही गर्दी असते. पैलतीरी उतरल्यावर रोज त्यांतले सर्वांत म्हातारे निवर्ततात. मात्र या प्रवाशांना नवी मुले होत नाहीत. म्हणून रोज सुमारे शंभरांतील एक पेशी कमी होते, दोन महिन्यांत निम्म्या संपतात, आणि सुमारे चार महिन्यांनी शेवटचा पाहुणाही निरोप घेतो. दरम्यान आपल्या हाडांतील मगज नव्या पेशी घडवीत असतो. निरोगी माणसात दर सेकंदाला सुमारे वीस लाख. पाहुणे आलेच होते ते घरचे कर्ते माणूस उठून उभे राहीपर्यंत घर सांभाळण्यासाठी.

तेव्हा, भगिनी, आपल्या प्रश्नाचे आकड्यांतील उत्तर ‘सुमारे चार महिने’ असे आहे. परंतु ते उत्तर अपुरे आहे. सर्व काही जात नाही.

जे मागे राहते

म्हाताऱ्या झालेल्या पेशींना प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती, आणि यकृत यांतील भक्षक पेशी गिळून टाकतात. तेथे हिमोग्लोबिन मोडले जाते. त्यातील प्रथिनाचे तुकडे शरीर पुन्हा वापरते. रंगद्रव्याचे पिवळे पित्त होते आणि ते आतड्यांवाटे बाहेर जाते. परंतु त्यातील लोह शरीर टाकत नाही. ते जपून वेचले जाते, एका वाहक प्रथिनाच्या हाती दिले जाते, आणि मगजात पोचून नव्या पेशीत बसविले जाते.

एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. आपल्या भगिनीला तीन पिशव्यांतून सहाशे मिलिग्रॅमहून अधिक लोह मिळाले. मोठ्या स्त्रीच्या शरीरातील सारे लोह दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास असते. त्यातील किती वाहून गेले होते आणि किती परत आले, याचा अंदाज यावरून करावा. तीन अनोळखी माणसांनी पेजेतून, नाचणीतून, मासळीतून कमावलेले ते लोह आता तिच्या स्वतःच्या मगजात, तिच्या स्वतःच्या पेशींत घडवले जात आहे. ते परके आहे असे आता सृष्टीतील कोणतीही परीक्षा सांगू शकणार नाही.

सासूमाय, आपण जे ‘जाईपर्यंत थांबा’ म्हणालात, ते जाणारच नाही. आणि जाऊ नये. त्या लोहावरच आपली सून उठून चालते आहे.

डिचोलीच्या पित्यास

हेच लोह दुसऱ्या घरी वेगळा प्रश्न उभा करते. डिचोलीहून लिहिणाऱ्या गृहस्थांच्या मुलास थॅलसेमिया नावाचा जन्मजात विकार आहे. त्याच्या मगजात हिमोग्लोबिन नीट घडत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. डॉक्टरांनी लोह काढण्याच्या गोळ्या दिल्या आहेत. परंतु त्या घेतल्या की मुलाचे पोट दुखते, तो रडतो. पिता लिहितात : “रक्त दिल्यावर तो टवटवीत होतो, गोळीने मात्र कोमेजतो. म्हणून दोन महिने गोळी थांबविली आहे. रक्त मिळते आहे तोवर चालेल ना?”

नाही, बंधो, चालणार नाही. आपल्या मनाची कळवळ मी जाणतो. परंतु याबाबतीत मला स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

शरीराला लोह जपण्याची कला येते, टाकण्याची येत नाही. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर जाते, आणि त्यापलीकडे जाण्यास वाटच नाही. एका पिशवीतील लोह त्या हिशोबाने बाहेर पडायला शंभराहून अधिक दिवस लागतील. आपल्या मुलास तर त्या अवधीत आणखी चार-पाच वेळा रक्त मिळालेले असते. बाळंतिणीच्या शरीरात जी कृपा ठरली तीच येथे साचत जाते : यकृतात, हृदयात, आणि वाढ व तारुण्य घडविणाऱ्या ग्रंथींत. आरंभी काहीही दिसत नाही, मूल खेळत असते. आणि दिसू लागते तेव्हा पुष्कळ हानी झालेली असते. रक्त त्याला आज जगवते. ती गोळी त्याला विसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी जगवील. योग्य रक्त व लोह काढणारे औषध ही दोन्ही नियमित मिळालेली मुले आज मोठी होऊन नोकरी करतात, विवाह करतात.

गोळीने पोट दुखते हे डॉक्टरांपासून लपवू नका. औषधाची मात्रा बदलता येते, घेण्याची वेळ बदलता येते, औषधही बदलता येते. त्वचेखाली सुईवाटे देण्याचाही प्रकार आहे. किती लोह साचले ते रक्ताच्या फेरिटिन तपासणीने कळते. या आठवड्यातच जाऊन भेटा. आणि आपल्या कुटुंबातील विवाहयोग्य मुलामुलींची एकदा रक्तपरीक्षा करून घ्या. हा दोष दोन्ही आईबापांकडून आला तरच मुलाला हा विकार होतो, आणि दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी चारांत एक वेळा तो संभव असतो. वाहक असणे हा आजार नव्हे आणि कलंक तर नव्हेच.

आपलेच रक्त बरे का?

आपल्या गावांत आणखी एक समजूत दृढ आहे. परक्याचे नको, भावाचे, बापाचे घ्या. निदान ते घरचे तरी असते. हे ऐकायला गोड आहे, पण विज्ञान उलट सांगते. वर मी म्हटले की, दात्याच्या पांढऱ्या पेशींना शरीर परके म्हणून ओळखते व नाहीसे करते. जवळच्या नातलगाच्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात की शरीर त्यांना ओळखत नाही. मग त्या तेथेच ठाण मांडतात आणि घेणाऱ्याच्याच त्वचेवर, यकृतावर, मगजावर उलटतात. हा प्रकार क्वचित घडतो, परंतु घडल्यास बहुधा प्राणघातक असतो. म्हणून नातलगाचे रक्त द्यायचेच असल्यास त्यावर आधी विशिष्ट किरण सोडावे लागतात. तसेच ज्या स्त्रीला पुढे मुले व्हायची आहेत तिला पतीचे रक्त देणे टाळतात. कारण तिच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध तयार झालेली द्रव्ये पुढे पोटातील बाळाला बाधू शकतात. भाऊ व पती यांनी रक्त अवश्य द्यावे, पण ते पेढीच्या सामाईक साठ्यात. परका दाताच येथे अधिक सुरक्षित ठरतो, यात मला तरी एक गहन धडा दिसतो.

आणि ‘परका’ या शब्दाचा अर्थही सावधपणे करावा लागतो. सन १९५२ मध्ये मुंबईस डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की जे तपासणीत ‘ओ’ दिसावे, परंतु ‘ओ’ गटाचेही रक्त त्याला सोसू नये. ‘ए’ आणि ‘बी’ ही चिन्हे ज्या पायावर उभी असतात तो पायाच त्यात नव्हता. जगभरच्या ग्रंथांत त्याचे नाव ‘बॉम्बे’ रक्तगट असेच पडले. आपल्या देशात असे लोक दहा हजारांत सुमारे एक आढळतात. अशा माणसाला दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचेच रक्त चालते. सख्ख्या आईचेही बहुधा चालत नाही. त्याचा खरा रक्ताचा नातलग दूरच्या राज्यात, अन्य धर्मात, अन्य भाषेत असू शकतो. म्हणूनच कार्डावर गट लिहिलेला असला तरी प्रत्येक वेळी दात्याचे व रोग्याचे रक्त प्रत्यक्ष मिसळून पाहिल्यावाचून ते देत नाहीत. त्या तपासणीस वेळ लागतो तेव्हा नातलगांनी रागावू नये.

रक्तपिशवीवर चिठ्ठी असते. तिच्यावर गट असतो, क्रमांक असतो, घेतल्याची व संपण्याची तारीख असते, कावीळ, एड्स, उपदंश व मलेरिया यांची तपासणी झाल्याची नोंद असते. जात लिहिण्यास तेथे जागा नाही. आपल्या लोकांत अजून विवाह ठरविताना जुनी कुळे विचारली जातात. त्या घरांतील कोणी अपघातात सापडला की मात्र चिठ्ठीवरील दोन अक्षरे पाहून सर्व जण देवाचे आभार मानतात. हा विसंवाद आपण प्रत्येकाने आपल्याशीच तपासून पाहावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी

रक्त चढविण्यापूर्वी परिचारिका नाव विचारते, ते आपले व पूर्ण सांगावे. चढत असताना थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, कंबर दुखू लागली तर तत्काळ सांगावे. सहन करीत बसू नये. घरी आल्यावर पंधरा दिवसांच्या आत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ताप किंवा फार अशक्तपणा आला, तर पुन्हा दाखवावे. कधीकधी शरीर उशिरा जागे होऊन पाहुण्या पेशी फोडू लागते. रुग्णालयाचा कागद जपून ठेवावा आणि पुढे कोणत्याही उपचाराच्या वेळी ‘मला रक्त दिले होते’ हे आठवणीने सांगावे. ज्या स्त्रीचा गट ‘निगेटिव्ह’ आहे तिने गरोदरपणी व प्रसूतीनंतर द्यायच्या सुईविषयी डॉक्टरांना विचारावे. बाळ ‘पॉझिटिव्ह’ असल्यास ती सुई बहात्तर तासांच्या आत द्यावी लागते.

काही पंथ रक्त घेणे हे पाप मानतात. आपल्या पवित्र चर्चची तशी शिकवण नाही. लेवीयच्या पुस्तकात रक्त आणि जीव यांचे जे नाते सांगितले आहे त्यावरून रक्ताचा आदर शिकावा, भय नव्हे. उलट, स्वतःचे काही देऊन दुसऱ्याला जगविणे हे प्रीतीचे कृत्य म्हणूनच चर्चने मानले आहे. वेदीवर आपण ज्या रक्ताचे स्मरण करतो ते रहस्य वेगळे व अतुलनीय आहे; तरी ज्याने सर्वांसाठी आपले रक्त सांडले त्याच्या अनुयायांना अर्ध्या शेराहून कमी रक्त देणे जड वाटू नये.

आपल्या देशात एके काळी रक्त विकले जात असे. गरीब मनुष्य पोटासाठी ते पुन्हा पुन्हा देई. सर्वोच्च न्यायालयाच्या सन १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून तो व्यापार बंद झाला. आता पेढीत जे आहे ते कोणीतरी दिलेलेच असते. १८ ते ६५ वयाच्या, निरोगी, ४५ किलोहून अधिक वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १२.५ हून कमी नसलेल्या माणसाला ते देता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी. रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. म्हापसा व बांबोळी येथे रक्तपेढ्या आहेत, आणि फेस्ताच्या दिवसांत इगर्जीच्या प्राकारात शिबिर भरविणेही अशक्य नाही. हे मी आपल्या व्हिगार पाद्रींच्या व तरुणांच्या कानावर घालतो.

जाता जाता पेडण्याच्या भगिनीस एक गोष्ट. आपण ‘उसने’ हा शब्द वापरलात. उसने म्हणजे ज्याला फेड आहे. त्या तीन दात्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत आणि त्यांनाही आपले नाव कळणार नाही. त्यांची फेड त्यांच्या दारी जाऊन करता येत नाही. परंतु रक्त घेतल्यापासून वर्ष उलटले, बाळाचे अंगावरचे पिणे सुटले, आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिला, म्हणजे आपल्यालाही रक्त देता येईल. त्या दिवशी कोणत्या तरी अनोळखी बाळंतिणीच्या घरी तिची सासू तेर्स म्हणत बसलेली असेल. आपल्या सासूमायना त्या वेळी सोबत न्या. बाळ त्यांच्या मांडीवर असू द्या.

आणि तोवर संध्याकाळच्या तेर्साच्या शेवटी, आंजेलूस झाल्यावर, त्या तिघांसाठी एक ‘आमच्या बापा’ म्हणा. नावे देवाला ठाऊक आहेत.